आता थोडं गार लागेल

"आता थोडं गार लागेल हं," एवढंच रेनाटा म्हणाली होती. कोबीच्या कोशिंबिरीचं पातेलं नुकतंच मागच्या पायऱ्यांवरच्या बर्फातून आत आणलेलं होतं, डावातून पाणी ठिबकत होतं, आणि ते समोरच्या माणसाच्या अंगठ्यावर पडणार असं दिसलं म्हणून तिच्या तोंडून ते शब्द आपसूक निघाले; कामावर निघतात तसे. आणि त्या माणसाच्या हातातली कागदी ताटली खाली गेली. पडली असं म्हणता येत नाही, हातांनी ती सोडून दिली. तळलेला मासा, लिंबाची फोड, पावाचा तुकडा, सगळं चर्चच्या तळघरातल्या हिरव्या फरशीवर. उपवासकाळातल्या दर शुक्रवारी तिथे माशाची पंगत असते; रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "झाला याचा शुक्रवार." दोघंचौघं हसली. रेनाटाची आई वाढपाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, ती तिथूनच म्हणाली, "राहू द्या हो, फरशी आज धुवायचीच आहे. दुसरी ताटली घ्या." पण तो माणूस ताटलीकडे बघतच नव्हता. रेनाटाकडेही बघत नव्हता. तिच्या कानाच्या वर, मागच्या भिंतीवर कुठेतरी त्याची नजर अडकली होती, आणि कपाळावर, वरच्या ओठावर घाम आला होता. सरोवरावरून येणारा वारा बाहेर हाडं कापत होता आणि या माणसाला घाम फुटला होता. मग तो वळला, रांगेतून वाट काढत जिन्याकडे गेला, आणि टेबलाच्या कडेला त्याची लोकरी टोपी तेवढी राहिली.

ओळख पटली ती कानावरून. उजव्या कानाच्या पाळीचा एक लचका गेलेला होता, कधीतरी गळ अडकून फाटल्यासारखा, आणि श्वासाच्या नळीच्या पट्ट्यानं तिथली कातडी सोलू नये म्हणून गेल्या हिवाळ्यात रेनाटानं त्या कानामागे रोज कापसाची घडी ठेवली होती. डेल पाविच. आयसीयूतल्या नर्सला माणूस आडवाच ओळखीचा असतो. त्याच्या पाठीवर तीळ कुठे आहेत ते तिला ठाऊक होतं, गुडघ्यावरचा जुना व्रण ठाऊक होता, डोळ्यांचा करडा रंग ठाऊक होता, कारण पापण्या उचलून त्यात उजेड टाकायचं काम तिचंच होतं. पण तो उभा राहिला की एवढा उंच होतो हे ठाऊक नव्हतं, आणि ते करडे डोळे कशाकडे तरी बघतात हे तर तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. फुप्फुसं भरून गेली होती त्याची. पालथा घालावा लागायचा, सहा जणींनी मिळून, आणि श्वासाच्या यंत्राशी अंगानं झगडू नये म्हणून त्याचा स्नायू न् स्नायू औषधानं सैल पाडून ठेवलेला होता. माणूस असा सैल पडला की तो बोट हलवू शकत नाही, पापणी हलवू शकत नाही. तेव्हा तो आतून झोपलेला आहे की नाही हे दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचं असतं. ते रेनाटानं सांभाळलं होतं. दुधासारख्या पांढऱ्या औषधाची धार, कपाळावरच्या पट्टीतून झोपेची खोली सांगणारा आकडा, मनगटाला विजेचा बारीक चिमटा देऊन अंगठा हलतो का ते बघणं. सगळं ठीक होतं. ती चार दिवस सुटीवर गेली आणि परत आली तेव्हा त्या खाटेवर दुसरंच कोणी होतं. "तुझा पाविच वाचला बरं का, नळी निघाली, वर वॉर्डात गेला," असं कोणीतरी सांगितलं आणि ती आनंदानं देवाचे आभार मानून कामाला लागली होती. आता ती फरशीवरचा मासा कागदानं उचलत होती आणि उचललेला तुकडा टाकायचा विसरून तसाच हातात धरून होती.

कारण डेल पाविच हा तिचा तयार ठेवलेला पेशंट होता. भूल देणाऱ्या नर्सच्या शिक्षणाला जायचं तर काय काय करावं याचे सल्ले तिला दोन वर्षं मिळत होते, न मागता मिळत होते. आयसीयूत मोठ्या आजाराचे पेशंट माग, सोपे घेऊ नकोस. विशेष परीक्षा देऊन टाक. भूल देणाऱ्या एखादीच्या मागे दिवसभर उभी राहून काम बघ. मुलाखतीत पगाराचं नाव काढू नकोस. 'मला स्वतंत्रपणे काम करायचंय' हे म्हण, पण फार जोरात म्हणू नकोस, नाहीतर वाटेल हिला कोणी विचारलेलं चालत नाही. वॉर्डाची मुख्य नर्स डोलोरेस, जी कोणालाही सोडायला तयार नसे, तीसुद्धा एकदा कॉफी ढवळत म्हणाली होती, "जा बाई, जा. तीन वर्षं नोकरी नाही, झोप नाही, नवरा असता तर तोही राहिला नसता. तुझं एक बरं आहे, घालवायला नवराच नाही." आणि सगळ्यांच्या सल्ल्यांत एक सल्ला समान होता: एक पेशंट तयार ठेव. ते विचारतातच. तुझ्या हाताखालून गेलेला सर्वांत अवघड पेशंट सांग म्हणतात, आणि तिथे अडखळलीस की संपलं. तेव्हा रेनाटानं डेल पाविच तयार ठेवला होता. गाडी चालवताना आधी जपमाळ व्हायची, आणि माळ संपली की पाविच. आकडे, औषधं, कुठल्या क्षणी काय ओळखलं, डॉक्टरांना काय सुचवलं. 'आणि त्यांची नळी निघाली.' तिथे आवाज किंचित खाली आणायचा. पुढच्या आठवड्यात, शनिवारी, मुलाखत होती. आणि तिच्या गोष्टीतला माणूस तिचा आवाज ऐकून घामानं भिजून पळाला होता.

एकच माणूस असं म्हणाला होता की रेनाटाची गोष्ट अपुरी आहे. ती आर्डिथ. आर्डिथ प्रुइट हिचं उभं आयुष्य भूल देत पेशंटच्या डोक्याशी बसून गेलेलं. शरद ऋतूत एक दिवस रेनाटा तिच्या मागे उभी राहिली होती. ऑपरेशनच्या खोलीत सगळे जण पोटाशी, पायाशी, आणि आर्डिथ एकटी टेबलाच्या डोक्याशी, चाकाच्या स्टुलावर, जशी कोणी चुलीशी बसते तशी. पेशंट एक थोराड बाई होती, तिचे दात वाजत होते. आर्डिथनं वाकून तिच्या केसांच्या टोपीवर हात ठेवला आणि इतक्या हळू काहीतरी म्हणाली की रेनाटाला ऐकू आलं नाही. बाईचे दात वाजायचे थांबले. नंतर जेवताना रेनाटानं तिला आपला पाविच ऐकवला. आर्डिथ सूप पीत ऐकत राहिली. "चांगलं आहे," ती म्हणाली. "आकडे छान येतात तुला. पण शेवट कुठाय?" रेनाटा म्हणाली, "त्यांची नळी निघाली ना." "नळी निघाली हा तुझा शेवट झाला. त्याचा कुठला?" आणि मग, रेनाटाचा चेहरा पडला असावा म्हणून, तिनं आपल्यातलं अर्धं बिस्किट तिच्याकडे सरकवलं. "अगं, सगळ्याच पोरी तिथे थांबतात. मीही थांबायचे." ते रेनाटाला तेव्हा म्हातारपणाचं तिरकं बोलणं वाटलं होतं. आता, पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून, बाहेर बर्फ ओढणाऱ्या यंत्राची घरघर ऐकत, बिनसाखरेची कॉफी पीत असताना (उपवासकाळात ती साखर सोडते) तेच शब्द पुन्हा पुन्हा वर येऊ लागले, भांड्याच्या तळाला लागलेलं काहीतरी येतं तसे.

तिला बोलायची सवय कुठून लागली हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाच-सहा वर्षांची होती, घशातल्या गाठी काढायच्या होत्या. पांढऱ्या उजेडाखाली कोणीतरी तिचे हात धरले, कोणीतरी पाय धरले, आणि काही एक न सांगता रबराचा वास असलेला काळा मुखवटा तोंडावर दाबला. तो वास अजून नव्या रबरी चटयांच्या दुकानातून जाताना तिच्या घशात उभा राहतो. कोणी सांगितलं असतं, नुसतं एकदा सांगितलं असतं, तर. एवढंच तिच्या मनात राहिलं आणि त्याच एवढ्याशा गोष्टीवर तिनं आपलं आयुष्य उभं केलं: मी सांगीन. बेशुद्ध असो, सैल पाडलेला असो, मरणाच्या दारी असो, मी हात लावायच्या आधी सांगीन. आता कूस बदलते. आता सुई टोचेल. आता थोडं गार लागेल. बाकीच्या नर्सा हसायच्या. डोलोरेस म्हणायची, "रेनी खाटेशीसुद्धा बोलते, खाटेनं उत्तर दिलं की मला हाक मारा." पण रेनाटाचा तो नेम होता, सकाळच्या प्रार्थनेसारखा, आणि एखाद्या नेमाचा माणसाला जसा थोडा गर्व होतो तसा तिलाही होता, तो तिनं पापनिवेदनात कधी सांगितला नव्हता कारण तो गर्व आहे हे आजवर तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सोमवारी तिच्या वाट्याला एक आजीबाई आल्या, नळीवरच. रेनाटानं बोळा भिजवून तोंडाशी नेला आणि ती थांबली. शब्द जिभेवर आले होते. आजींच्या पापण्या मिटलेल्या होत्या, पातळ, निळसर, आणि त्यांच्या मागे बुबुळं हलत होती की नव्हती. आत कोण आहे, तिला वाटलं. आत कोणी कान देऊन बसलंय का, आणि माझ्या आवाजाची त्यांनी कशाशी गाठ बांधलीय. तिनं न बोलता तोंड पुसलं. मग न बोलता नळीतला कफ ओढला, आजींचे खांदे उचलले गेले, यंत्र ओरडलं, आणि रेनाटाला आपण एखाद्याच्या घरात चोरासारखे शिरलोय असं वाटलं. बोललं तरी तसं, न बोललं तरी तसं. मंगळवारी डोलोरेस काचेच्या दाराशी येऊन उभी राहिली. "काय गं, साखर सोडलीस ते ठीक, बोलणंही सोडलंस?" रेनाटा म्हणाली, "घसा बसलाय." तो खरंच बसला होता. "शनिवारपर्यंत उघड तो घसा. मुक्या मुलीला भूल द्यायला घेत नाहीत. पेशंटला खुणा करणारेस का?" डोलोरेस हसली आणि गेली. आणि रेनाटा पंपावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. त्या दिवसांतले आकडे तिला पाठ होते, पाविचच्या कपाळावरच्या पट्टीचे. चांगले होते. पण रात्रपाळीचे? ती घरी असतानाचे? पालथा घालताना पट्टी कधी सुटली असेल, पांढऱ्या औषधाची बाटली बदलताना नळीत हवा आली असेल, धार तेवढ्यात थांबली असेल, आणि सैल पाडणारं औषध मात्र चालूच. आपण अशा आतून जाग्या माणसाच्या तोंडाशी वाकून गोड आवाजात सांगत होतो का. हा प्रश्न गाडीत, बिछान्यात, जपमाळेच्या दोन मण्यांच्या मध्ये, सगळीकडे येऊन बसायचा आणि उठायचा नाही.

बुधवारी तिची सुटी होती. बुधवारी चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या पिरोग्या होतात. बायका लांब टेबलाभोवती बसून पिठाच्या चकत्यांत बटाट्याचं सारण भरतात आणि कडा चिमटतात. आईनं तिला ओढून नेलं. आयरीन म्हणून एक सत्तरीची बाई रेनाटाच्या पिरोग्यांकडे बघून म्हणाली, "स्टेला, तुझी पोर माणसांना टाके घालते ना? मग हिच्या कडा का उसवतात?" आई म्हणाली, "माणसं उकळत नाहीत ना ती." तेवढ्यात जिन्यावरून एक बुटकी, लाल कोटातली बाई खाली आली, टोपी न्यायला आलेय म्हणाली, माझा नवरा मागच्या शुक्रवारी विसरून गेला. मग तिची नजर रेनाटावर पडली आणि ती तिथेच थांबली. "तूच ना ती," ती म्हणाली. "देवा, तूच. मला ओळखलंस? कॅरल. कॅरल पाविच." आणि पिठानं माखलेल्या रेनाटाला तिनं तशीच छातीशी धरली. "हिनं माझ्या डेलची दाढी विंचरली," ती सगळ्या बायकांना सांगू लागली. "मला आत सोडायचे नाहीत, मी काचेबाहेर खुर्चीत. ऐकू काही यायचं नाही, पण ही त्याच्याशी बोलताना दिसायची, ओठ हलताना. मला वाटायचं, कोणीतरी बोलतंय त्याच्याशी. तेवढ्यावर मी घरी जाऊन झोपायचे." रेनाटा हाताचं पीठ पुसू लागली. आई म्हणाली, "घसा बसलाय तिचा," आणि कॅरलला खुर्ची दिली, कॉफी दिली.

आणि कॅरल सांगत बसली. बरा झाला, म्हणाली, जिना चढतो, खातो. पण बर्फावर जात नाही. एवढा सरोवराच्या गोठलेल्या खाडीवर बर्फात भोक पाडून मासे धरणारा माणूस, त्याची ती लाकडी खोपटी होती ना, तीसुद्धा भाच्याला देऊन टाकली. "का, तर म्हणे मी तिथेच होतो. दवाखान्यात नव्हतो, बर्फाखाली होतो. खालून त्या भोकाकडे बघतोय, वर उजेड, आणि एक बाई. चेहरा नाही, नुसता आवाज. आणि गोड आवाज, म्हणतो, तेच वाईट. ती सांगायची, आता गार लागेल. आणि मग दाबायची खाली." बायकांचे हात थांबले. आयरीन म्हणाली, "औषधांनी होतं गं तसं. माझा भाऊ सांगायचा, नर्सा त्याच्या खाटेखाली बसून पत्ते खेळतात." "खेळत असतील," आई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, कॅरलही हसली, डोळे पुसत. "शुक्रवारी घरी आला तो पांढराफटक. म्हणाला, ती तिथे आहे. कोण आहे, विचारलं तर सांगेना." ती रेनाटाकडे वळली. "तू भेट त्याला. या शुक्रवारी घेऊन येते मी त्याला, टोपी तोपर्यंत राहू दे इथेच. खरी नर्स कशी असते ते बघितलं की ती बाई जाईल त्याच्या डोक्यातून." रेनाटाच्या बोटांत एक पिरोगी होती. तिनं तिची कड चिमटली, पुन्हा चिमटली, आणखी एकदा, सारण दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं.

गुरुवारी तिनं भूल शिकवणाऱ्या शाळेला कळवायचं ठरवलं की मुलाखतीला मी येत नाही. फोन हातात घेऊन ती गाडीत बसली, दवाखान्याच्या आवारात, काचेवर बर्फ साचत गेला आणि आत उजेड निळा होत गेला. काय सांगणार. तब्येत. आईची तब्येत. खोटं बोलायचं तर निदान उपवासकाळ संपू द्यावा. तिला आर्डिथचं स्टूल दिसलं, पेशंटच्या डोक्याशी, आणि त्यावर स्वतः. ती वाकते, टोपीवर हात ठेवते, बोलायला तोंड उघडते, आणि टेबलावरच्या माणसाचे डोळे विस्फारतात. मग ते मिटतात, कारण औषध आपलं काम करतंच. आणि तो तिचा आवाज घेऊन खाली जातो, कुठे जातो, तिथे तिला जाता येत नाही. आयुष्यभर हे करायचं. रोज नव्या माणसाला. आणि न करावं तर? मग कोणीतरी दुसरं बसेल तिथे, न सांगता मुखवटा दाबणारं. रबराचा वास आला. तिनं फोन खिशात टाकला आणि हातमोज्यांनी काच पुसली, आतून, आणि बर्फ तर बाहेर होता.

शुक्रवारी ती वाढायला उभी राहिली नाही. मागे, भांडी घासायच्या मोरीशी गेली, जिथे वाफ असते आणि कोणी येत नाही. तळणाचा वास, बाहेर लोकांचा कलकलाट, मुलांची रड, आईचा आवाज, "लिंबू ज्याला हवं त्यानंच घ्या." टोपी खुंटीवर टांगलेली होती. रेनाटा तिच्याकडे बघायचं टाळत होती. आणि मग दारात लाल कोट आला, आणि त्याच्या मागे तो, वाकून, चौकटीला डोकं लागू नये म्हणून. "ही बघ डेल," कॅरल म्हणाली. "मी सांगत होते ती. हीच." तो आत आला नाही. रेनाटानं ओले हात पुसले, पुन्हा पुसले. "बोल ना गं काहीतरी, घसा उघडला का?" कॅरल म्हणाली. तो रेनाटाच्या तोंडाकडे बघत होता, कुत्रा सुटेल की काय म्हणून फाटकाकडे बघावं तसा. मग तो म्हणाला, "कॅरल, तू रांगेत उभी राहा. मासा संपेल." "संपत नाही मासा." "संपतो. जा तू." ती दोघांकडे बघत गेली.

"टोपी घ्यायला आलोय," तो म्हणाला. रेनाटानं टोपी काढून दिली. त्यानं ती घातली नाही, हातात फिरवत राहिला. "मागच्या शुक्रवारी तूच होतीस." तिनं मान हलवली. "बोलता येतं ना तुला?" "येतं," रेनाटा म्हणाली. त्याचा एक हात चौकटीला गेला, पकडून राहिला. "हं," तो म्हणाला. "तोच." वाफेत नळ ठिबकत होता. तिनं बोलायला सुरुवात केली, खाली बघत, आणि आवाज फाटका, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा आला. "मी तुमचं तोंड धुवायचे. गार पाण्यात बुडवलेला बोळा असतो. मग नळीतला कफ ओढून काढायचा. तेवढा वेळ श्वास कोंडतो माणसाचा. तुम्ही दचकू नये म्हणून आधी सांगायचे." "तोंड धुवायचीस," तो म्हणाला. "हो." "दात?" "दातही." त्याच्या नाकातून एक आवाज निघाला, हसण्यासारखा, पण हसू नव्हे. "वर्षभर मी समजतोय तू मला मारायला टपलीयस. आणि तू माझे दात घासत होतीस." "माफ करा मला," रेनाटा म्हणाली. "ते नको," तो म्हणाला, जरा तुटकच. "माफी कशाची, दात घासल्याची? मला एक सांग. मग काय व्हायचं?" "कशानंतर?" "गार लागल्यावर. मी बुडाल्यावर. मग तू काय म्हणायचीस?"

तिनं आठवून पाहिलं. डोळ्यांसमोर ती खोली आली, काच, काचेबाहेरची खुर्ची, त्याचा फाटका कान. बोळा. नळी. कफ. यंत्र शांत झालं. मग मी हातमोजे काढून टाकले. मग मी आकडे नोंदवले. मग पुढच्या पंपाकडे वळले. मग? "काहीच नाही," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला आपल्या मानेवर गार हवा लागल्यासारखं झालं. "मग मी पुढच्या कामाला लागायचे." तो मान हलवू लागला, सावकाश, जणू आपण फार दिवस मनात धरलेला हिशेब दुसऱ्यानं जुळवून दिला. "मला वाटलं मी विसरलोय. रोज आठवायला बघतो. सुरू होतंय ते तू सांगायचीस, बरोबर सांगायचीस, एकदाही चुकली नाहीस. पण संपलं असं कोणी मला सांगितलंच नाही, पोरी. मी अजून..." त्याला शब्द सापडला नाही. त्यानं टोपी कानाशी नेली, फाटक्या कानाशी, आणि तशीच धरून ठेवली. ऐकतोय असं त्याला म्हणायचं होतं.

आणि रेनाटाला तो मुखवटा आठवला, पण या वेळी त्याच्या पलीकडचं. आजवर ती गोष्ट रबराच्या वासावर थांबायची. तिच्या पुढे एक पिवळसर खोली होती, घशात निखारा होता, आणि कपाळावर कांद्याचा वास असलेला, खरखरीत हात होता, आणि तो हात म्हणत होता, झालं गं. झालं, झालं. कितीतरी वेळ. हे ती विसरली कशी. मुखवटा दाबणाऱ्यांना लक्षात ठेवलं आणि या हाताला नाही, कारण बहुधा त्या हातानं काही उरूच दिलं नव्हतं लक्षात ठेवायला. बाहेर त्याच हाताची बाई कोणाला तरी सांगत होती, लिंबू ज्याला हवं त्यानंच घ्या.

"झालं, मिस्टर पाविच," रेनाटा म्हणाली. आवाज या वेळी पूर्ण निघाला, तिचा स्वतःचा, खाटेशी वाकून बोलताना असायचा तो, आणि तो तसा निघाला म्हणून ती घाबरली. पण थांबली नाही. "ते झालं. नळी निघाली. मी पुन्हा येणार नाही. झालं सगळं." तो हलला नाही. बर्फावर पुढचं पाऊल टाकायच्या आधी माणसं जसा कान देतात, खाली काही करकरतंय का म्हणून, तसा तो उभा होता. त्याच्या वरच्या ओठावर पुन्हा घाम आला होता. "परत म्हण," तो म्हणाला. "झालं." त्यानं श्वास सोडला, लांब, शेवटी खोकला आला. मग टोपी डोक्यावर चढवली, आधी डावीकडून, मग फाटक्या कानावरून नीट ओढून. "मासा संपला असेल आता," तो म्हणाला, आणि वाकून चौकटीतून गेला. बरा झाला की नाही, पुन्हा बर्फावर गेला की नाही, हे रेनाटाला कळायचं नव्हतं. मोरीतलं पाणी निवलं होतं. त्यात हात घातले आणि तिला हुंदका आला, एकच, तो तिनं भांड्यांच्या आवाजात घालवला.

शनिवारी दोन तास गाडी चालवून ती गेली. वाटेत माळ झाली, आणि माळेनंतर तिनं पाविच म्हटला नाही. बाहेरच्या खोलीत गडद कोटातल्या मुली आणि एक मुलगा ओठांतल्या ओठांत आपापले पेशंट घोकत होते. आत टेबलामागे तिघं होते. मधे एक पिकल्या केसांच्या बाई, चष्मा साखळीला. त्यांनी विचारलंच, तुमचा सर्वांत अवघड पेशंट सांगा. रेनाटानं सांगितला. आकडे आले, औषधं आली, पालथं घालणं आलं, आणि ती ज्या आवाजात ठरवलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "आणि त्यांची नळी निघाली." डावीकडच्या गृहस्थांनी मान डोलावली. चांगलं झालं होतं, इथे थांबलं तर चांगलंच झालं होतं, हे तिला दिसत होतं. पुढचं सांगितलं तर काय होईल हे दिसत नव्हतं. आपल्या हाताखालचा माणूस वर्षभर बर्फाखाली होता असं सांगणाऱ्या नर्सला कोण डोक्याशी बसवील. तिनं तळवे मांडीवर दाबून धरले. मधल्या बाईंनी पुढचं पान उलटायला बोट लावलं.

"थांबा," रेनाटा म्हणाली. "झालं नाही अजून."